तिथी बघून निघा : मावळात लोकसंगीत ऐकायचं तर

सवाई गंधर्व महोत्सवाला जायचं असेल तर काय करावं, हे पुण्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. तारखा जाहीर होतात, तिकिटं निघतात, आपण जाऊन बसतो. संबळ, तुणतुणं, हलगी किंवा डफ ऐकायचा असेल तर मात्र भलेभले रसिक गोंधळतात. जाहिरात नाही, तिकीट नाही, चौकशी कुठे करावी तेही कळत नाही. मग ‘लोककला आता राहिल्यात कुठे’ असं म्हणून विषय मिटवला जातो.

प्रत्यक्षात देहूपासून लोणावळ्यापर्यंत, आणि पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ या तिन्ही खोऱ्यांत हे संगीत वर्षभर कुठे ना कुठे चालू असतं. शनिवार-रविवारी चिक्कीच्या दुकानांसमोर गाड्या लावणाऱ्या माणसांना ते ऐकू येत नाही, कारण ते कार्यक्रम म्हणून होतच नाही. देवीची पालखी निघाली म्हणून, घरात लग्न झालं म्हणून, गावात सप्ता बसला म्हणून ते होतं. तेव्हा कलाकाराच्या नावामागे धावू नका, निमित्ताच्या मागे जा. एवढं पक्कं केलंत की उरतं ते थोडं वेळापत्रकाचं आणि थोडं कानाचं काम.

आधी तिथी, मग तारीख

मावळातला कुठलाही उत्सव इंग्रजी तारखेने लक्षात ठेवू नका. तुकोबांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूतून निघते, हे ठरलेलं. तारीख मात्र दर वर्षी सरकते. २०२५ मध्ये आषाढी एकादशी ६ जुलैला होती. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आल्यामुळे ती २५ जुलैवर गेली. मोबाइलमधल्या मागच्या वर्षीच्या फोटोवरची तारीख धरून निघणारा माणूस रिकाम्या देवळात पोचतो. भिंतीवरचं कालनिर्णय काढा आणि या तिथींवर खुणा करा :

- चैत्र शुद्ध षष्ठी आणि सप्तमी : कार्ल्याच्या एकवीरेची यात्रा.
- चैत्र पाडव्यापासून वैशाखापर्यंत : गावोगावच्या यात्रा. तमाशा, हलगी, सनई, छबिना.
- ज्येष्ठ वद्य सप्तमी : देहूतून पालखीचं प्रस्थान.
- नागपंचमी आणि गौरी : झिम्मा, फुगडी, फेराची गाणी.
- आश्विन शुद्ध प्रतिपदेपासून नवरात्र : एकवीरेचा आणि घरोघरीच्या कुलदेवतांचा जागर.
- कार्तिक वद्य एकादशी ते त्रयोदशी : आळंदी. मावळाच्या वेशीबाहेर, पण मावळातल्या दिंड्या तिथे असतातच.
- मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, म्हणजे चंपाषष्ठी : खंडोबा. जेजुरीला मोठा उत्सव, गावातल्या छोट्या देवळातही जागरण.
- माघ शुद्ध दशमी : भंडारा डोंगरावरचा सोहळा.
- फाल्गुन वद्य द्वितीया : तुकाराम बीज. पाठोपाठ तृतीयेला तिथीने शिवजयंती, म्हणजे पोवाड्यांचा दिवस.

या यादीत ज्येष्ठानंतर थेट नवरात्रापर्यंत मोठी यात्रा नाही, त्याला कारण पाऊस आणि भात. मावळ हा भाताचा मुलूख. मृग लागला की माणसं शेतात, आणि लोणावळ्याचा पाऊस मांडव टिकू देत नाही. म्हणून गावं आपल्या यात्रा उन्हाळ्यातच उरकून घेतात. शहरातला माणूस लोणावळ्याला पावसात येतो. गाण्यासाठी यायचं असेल तर चैत्रात या.

यात्रेची पत्रिका वाचायला शिका

चैत्र-वैशाखात एसटी थांब्यावर, देवळाच्या भिंतीवर आणि पिठाच्या गिरणीवर यात्रेच्या पत्रिका लागतात. आता त्याच पत्रिका गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही फिरतात, तेव्हा वडगाव, कामशेत किंवा टाकव्याच्या एखाद्या ओळखीच्या माणसाला सांगून ठेवा. पत्रिकेवर देणगीदारांची नावं भरपूर असतात. आपल्याला हवा असतो तो खालच्या कोपऱ्यातला वेळापत्रकाचा मजकूर.

पहाटे अभिषेक, सकाळी मांडव डहाळे, मग शेरणी, संध्याकाळी पालखी किंवा छबिना, रात्री लोकनाट्य तमाशा, दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी, दुपारी कुस्त्यांचा आखाडा, असा साधारण क्रम. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये कायमची वाट मोकळी केल्यापासून घाटाचा, म्हणजे शर्यतींचा, दिवसही वाढला आहे.

ऐकणाऱ्याने यातल्या तीन जागा हेराव्यात. पहिली मांडव डहाळ्यांची. देवळाच्या मांडवासाठी झाडांच्या फांद्या वाजतगाजत आणतात, गर्दी कमी असते, ऊन चढलेलं नसतं आणि वाजंत्री ताजे असतात. सनई आणि हलगी जवळून ऐकायला यासारखी वेळ नाही. दुसरी छबिन्याची. पालखी घरोघर थांबते आणि प्रत्येक थांब्यावर वाजवणाऱ्यांना जोर चढतो. पालखीच्या पुढे न जाता वाजंत्र्यांच्या बाजूने, दोन-तीन हातांवरून चाला.

तिसरी जागा हजेरीची, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी. रात्री तमाशा झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फडातले कलाकार देवळासमोर किंवा चावडीपाशी येऊन गातात. दिव्यांचा झगमगाट नाही, वगाचा पसारा नाही. ढोलकीवाला, गायिका आणि समोर जाजमावर बसलेलं गाव. लहान मुलांना, आजी-आजोबांना घेऊन बिनधास्त जाता येतं, आणि रात्रीच्या कर्ण्यांत हरवणारी ढोलकी इथे बोटाबोटाने ऐकू येते.

पत्रिकेवर ‘लोकनाट्य तमाशा मंडळ’ आणि ‘ऑर्केस्ट्रा’ असे दोन्ही शब्द दिसतात. ऑर्केस्ट्रा म्हणजे सिनेमाची गाणी. तमाशातही आता सिनेमाची गाणी असतातच, पण सुरुवातीचा गण, मग गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग हा सांगाडा चांगले फड अजून पाळतात. म्हणून पडदा उघडण्याआधी पोचा. उशिरा येणाऱ्याला गण चुकतो, आणि ढोलकी, हलगी, तुणतुणं, मंजिरी एकत्र जुळून येतात ते तिथेच. ध्वनिक्षेपकांवर रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आहे आणि वर्षातल्या ठरावीक दिवशीच सरकार बारापर्यंत सवलत देतं. त्यामुळे पूर्वीसारखा रात्रभर चालणारा तमाशा आता लवकर सुरू होतो. पत्रिकेवरची वेळ गंमत म्हणून छापलेली आहे असं समजू नका.

ज्यांना या धंद्याची आतली बाजू बघायची असेल त्यांनी एकदा पाडव्याच्या सुमारास नारायणगावला जाऊन यावं. विठाबाई नारायणगावकरांच्या या गावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी तिथे येऊन सुपारी देतात. कुठला फड कुठल्या गावाला कुठल्या रात्री जाणार, हे तिथेच ठरतं. तुम्हाला हवं असलेलं वेळापत्रकही तिथेच मिळतं.

कार्ला : सगळ्यात मोठा आवाज

पहिल्याच खेपेला मोठं काही बघायचं असेल तर एकवीरा. आगरी-कोळी समाजाची आणि अनेक सीकेपी कुटुंबांची ही कुलदेवता, आणि तिचं देऊळ कार्ल्याच्या लेण्यांतल्या चैत्यगृहाच्या तोंडाशीच आहे. चैत्र शुद्ध षष्ठीला शेजारच्या देवघरला काळभैरवनाथाचा उत्सव आणि सप्तमीला डोंगरावर देवीची पालखी, असा क्रम. मुंबई, ठाणे, रायगडच्या कोळीवाड्यांतून माणसं आपापल्या पालख्या आणि आपापलं वाद्य घेऊन येतात. त्यामुळे मावळच्या मातीत दर्याचं संगीत ऐकायला मिळतं : कोळीगीतं, ब्रास बँड, ढोल, आणि बेंजो. हा बेंजो म्हणजे तारांवर पट्ट्या दाबून वाजवायचं बुलबुलतरंग. अमेरिकन बँजोशी त्याचं फक्त नाव मिळतं, हे पुढे उपयोगी पडेल.

सप्तमीला पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. संगीत ऐकायचं असेल तर डोंगरावर जाण्याचा हट्ट सोडा. पायथ्याला, वेहेरगावच्या रस्त्यावर आणि मुक्कामाच्या तंबूंपाशी थांबा. गट येतात, विसावतात, गाडीला टेकून एखादा ढोलकी काढतो, बायका गाणं उचलतात आणि फेर धरला जातो. ज्याला मंच म्हणता येईल असं तिथे काही नसतं, आणि खरी मैफल तिथेच जमते. लहान मुलं बरोबर असतील तर सप्तमी टाळून षष्ठीला सकाळी किंवा नवरात्रातल्या एखाद्या साध्या वारी जा.

लोकलने मळवलीला उतरलात तर एका बाजूला कार्ला, दुसऱ्या बाजूला भाजे. दुपारचा वेळ भाज्याला काढा. तिथल्या एका विहारात हत्तीवर बसलेल्या पुरुषाचा प्रसिद्ध शिल्पपट आहे. त्याच्या खालच्या भागात, झाडाजवळ, धनुष्यासारख्या वीणेचा वादक आणि शेजारी नाचणारी आकृती कोरली आहे. दोन हजार वर्षांपूर्वी याच डोंगरात वाजवणारा आणि नाचणारा एकमेकांकडे बघत होते, हे दगडात दिसतं. संध्याकाळी पायथ्याशी फेर बघताना तो पट आठवल्याशिवाय राहत नाही.

देहू आणि भंडारा : टाळ ऐकायचे तर पहाटे

वारकरी संगीत टीव्हीवर ऐकलेलं असतं, म्हणून ते माहीत आहे असं वाटतं. शंभर टाळकरी एका चालीवर येतात तेव्हा जमिनीतून जे जाणवतं ते पडद्यावरून येत नाही. ते अनुभवायला बीज किंवा प्रस्थानाची गर्दीच हवी असं नाही. माघ शुद्ध दशमीला तुकोबांना गुरूपदेश झाला, अशी परंपरा आहे. त्या निमित्ताने इंदुरीजवळच्या भंडारा डोंगरावर मोठा सोहळा होतो. शिवाय मावळातल्या बहुतेक गावांत वर्षातून एकदा अखंड हरिनाम सप्ता बसतो. आठवडाभर रोज काकडा, गाथा किंवा ज्ञानेश्वरीचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि मग जागर, असं चक्र चालतं. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद.

नवख्याने दोन वेळा निवडाव्यात. एक काकड्याची. पहाटे देवळात जेमतेम पंधरा-वीस माणसं असतात, बहुतेक वयस्कर, आणि चाली जुन्या. दुसरी हरिपाठाची. तरुण मुलं उभं राहून, पावल्या टाकत गातात. लय हळू सुरू होते आणि दुप्पट कधी झाली ते कळत नाही. कीर्तनाला गेलात तर दहा मिनिटं आधी जाऊन पखवाज्याजवळ बसा. तो कणकेचा गोळा मळून डाव्या तोंडावर लावतो, थाप मारून बघतो, चिमूटभर काढतो, पुन्हा बघतो. त्या कणकेच्या ओलाव्यावर धुमाचा आवाज ठरतो. कीर्तन संपल्यावर तो ती खरवडून काढतो. हे सगळं बघितलेल्या माणसाला पुढे तासभर डाव्या हाताचं काम वेगळं ऐकू येतं.

गोंधळ-जागरण : इथे आमंत्रण लागतं

मावळातल्या कितीतरी घरांत लग्नानंतर जागरण-गोंधळ होतो. तो घरचा विधी असतो, तेव्हा कुणाच्याही मांडवात घुसू नका. ओळखीच्या माणसाला सांगून ठेवा, ‘तुमच्याकडे गोंधळ घालाल तेव्हा मला बोलवा’. मावळात असं सांगितलेलं कुणी विसरत नाही, आणि पाहुणा आला याचा घरच्यांना आनंदच होतो. जाताना हार-नारळ घेऊन जा.

गोंधळात दिवटी पेटते, चौक भरला जातो आणि गोंधळी देवतांना त्यांच्या त्यांच्या गावाचं नाव घेऊन बोलवतात. तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, आणि त्यात यजमानाचं कुलदैवत. आपल्या देवीचं नाव कधी येतं इकडे घरातल्या म्हाताऱ्या बायकांचा कान असतो. तुम्हीही तिकडेच कान द्या. उत्तरार्धात आख्यान लागतं. नायक गोंधळी गोष्ट सांगतो, साथीदार मध्येच भाबडे प्रश्न विचारतो, हशा पिकतो आणि संबळ पुन्हा सुरू होतो. खंडोबाच्या जागरणात वाघ्याच्या हातात दिमडी, जोडीला तुणतुणं आणि मुरळीच्या हातात घाटी. दोन्हीत वाद्यं थोडी आणि रात्र मोठी. जेवून, झोप काढून जा.

कान तयार करायचा तो असा

सगळं एकदम ऐकू नका. पहिली दहा मिनिटं एकाच वाद्यामागे राहा, मग दुसऱ्या.

तुणतुण्यापासून सुरुवात करावी. लाकडी नळकांडं, खाली चामडं, एकच तार. त्यातून एकच सूर येतो आणि तोच लयही देतो. गाणारा कितीही वर गेला तरी परत कुठे यायचं ते तुणतुणं सांगत असतं. ते सापडलं की बाकीचं गाणं त्याभोवती फिरताना कळतं.

मग संबळ. कमरेला बांधलेले दोन ताशे एकमेकांना जोडलेले, एकाचा आवाज चढा, दुसऱ्याचा दबका. वाजवायच्या दोन काड्यांपैकी एकीचं टोक वळवून गोल केलेलं असतं. गोंधळी नाचत, गिरकी घेत वाजवतो, तेव्हा नजर पायांवरून काढून मनगटांवर ठेवा.

हलगी ऐकायची तर वाजवण्याआधी पोचायचं. चामड्याची हलगी दमट हवेत ढिली पडते, म्हणून वाजवणारे कागद किंवा पालापाचोळा पेटवून तिला धग देतात. टिचकी मारतात, पुन्हा आगीवर धरतात. आवाज भदाडा असतो तो हळूहळू खणखणीत होतो. मग एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी. जाड काडी चाल धरते, बारीक काडी तिच्या फटी भरते. फायबरचं पान लावलेली हलगी तापवावी लागत नाही; तिचा आवाज मोठा असतो आणि दिवसभर एकसारखाच राहतो. दोन्ही एकाच यात्रेत ऐकायला मिळाल्या तर फरक स्वतः पारखा.

पोवाड्यात शाहिराइतकेच झीलकऱ्यांवर लक्ष ठेवा. शाहीर कडव्याच्या टोकाला श्वास घेतो तेवढ्यात ते सूर उचलून धरतात. अफजलखान वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा आणि तानाजीवरचा तुळशीदासाचा, हे शिवकाळातले पोवाडे. लोहगड-विसापूरच्या परिसरात डफावर पोवाडा ऐकताना शाहीर ज्या डोंगरांची नावं घेतो ते समोर उभे असतात, ही सोय सभागृहात नाही.

जिथे मंचच नाही : बायकांचं गाणं

झिम्मा-फुगडी आणि फेराची गाणी गौरी-नागपंचमीला अजून कानावर पडतात, लग्नात घाणा भरताना आणि हळदीला ओव्या निघतात. जात्यावरची ओवी मात्र गिरण्या आल्या तशी दळणाबरोबर गेली. ती जाण्याआधी गी पॉइटवां आणि हेमा राईरकर या पुण्यात राहणाऱ्या अभ्यासकांनी १९८०च्या दशकापासून मुळशी-मावळच्या डोंगरी गावांतून आणि पुढे महाराष्ट्रभरातून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यांचे शब्द आणि ध्वनिमुद्रणं ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने २०१७ पासून सर्वांना खुली केली आहेत.

ही रेकॉर्डिंग जाण्याआधी ऐका. दोन-चार ओव्या कानात असतील तर हळदीच्या घरी एखाद्या आजीशी बोलायला विषय मिळतो. ‘गाऊन दाखवा’ म्हटलं की बाई लाजून नाही म्हणते. ‘अशी एक ओवी ऐकली, तुमच्याकडे कशी म्हणतात?’ असं विचारलं की ती तुमची चूक दुरुस्त करायला म्हणून गायला लागते.

वाचायचं असेल तर रा. चिं. ढेरे यांचं ‘लोकसंस्कृतीचे उपासक’ हाताशी ठेवा. वासुदेव, गोंधळी, वाघ्या-मुरळी, पोतराज कोण, कुठून आले, काय मागतात, ते त्यात सापडतं. ढेरे स्वतः आंदर मावळातल्या निगड्याचे. ज्या रस्त्याने तुम्ही टाकव्याकडे जाणार, त्याच खोऱ्यात त्यांनी पहिले गोंधळी ऐकले असणार.

ब्लूग्रासवाल्यांची एक सवय उचला

लोकसंगीत जत्रेतच ऐकावं, ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या बिल मन्रोने १९३९ मध्ये ‘ब्लू ग्रास बॉइज’ हा ताफा उभा केला. १९४५ मध्ये अर्ल स्क्रग्ज तीन बोटांनी वाजवायचा बँजो घेऊन त्यात आला आणि डोंगराळ भागातल्या जुन्या गाण्यांना आजचं ब्लूग्रास म्हणतात ते रूप मिळालं. सप्टेंबर १९६५ मध्ये व्हर्जिनियातल्या फिनकॅसलला या संगीताचा पहिला अनेक दिवसांचा महोत्सव भरला. तेव्हापासून तिथल्या रसिकांची सवय अशी, की मंचावरचा कार्यक्रम अर्धवट सोडून गाड्या लावलेल्या मैदानात जायचं. तिथे अनोळखी माणसं आपापली मँडोलिन, फिडल, बँजो काढून गोल करतात, आळीपाळीने एकेकाला पुढे येऊ देतात, आणि नवखा माणूस कडेला उभा राहून शिकतो. वेहेरगावच्या रस्त्यावर तुम्हाला थांबायला सांगितलं ते याचसाठी.

खुद्द ब्लूग्रास ऐकायची इच्छा असेल तर आपल्याकडे प्रत्यक्ष संधी क्वचितच येते. घरबसल्या सुरुवात करायला चांगला दरवाजा म्हणजे २०२३ चा ‘ॲज वुई स्पीक’ हा अल्बम. त्यात बँजोवर बेला फ्लेक, डबल बासवर एडगर मायर, तबल्यावर झाकीर हुसेन आणि बासरीवर मुंबईचे राकेश चौरसिया आहेत, आणि त्याला २०२४ मध्ये दोन ग्रॅमी मिळाले. तुणतुण्यावर कान तयार झालेल्या माणसाला बँजोची तार परकी वाटत नाही.

जाण्यायेण्याचं आणि वागण्याचं

पुणे-लोणावळा लोकल हा कणा. आंदर मावळाला कान्हे, पवन आणि नाणे मावळाला कामशेत, एकवीरेला मळवली किंवा लोणावळा. पुढे एसटी, रिक्षा नाहीतर वडाप. रात्रीचा कार्यक्रम असेल तर शेवटची लोकल गाठायची की मुक्काम करायचा हे आधीच ठरवा. मध्यरात्री पवनानगरहून कामशेतला येणारं वाहन मिळत नाही. सतरंजी, पाणी, टॉर्च, उन्हाळ्यातही एक चादर बरोबर असू द्या. डोंगरात पहाटे गारवा असतो. सगळीकडे महाप्रसाद असतो; पंगतीला बसा आणि देणगी देऊन पावती घ्या.

मोबाइल खिशात ठेवा. एखादं गाणं टिपायचं असेल तर आधी विचारा, एकच टिपा, आणि नंतर त्या कलाकाराला पाठवा. कुणाच्या अंगात आलं असेल तर कॅमेरा अजिबात नको. तमाशाच्या बाईचा जवळून व्हिडिओ काढणारा माणूस रसिक ठरत नाही.

पैशाची रीत जागेप्रमाणे बदलते. गोंधळी आणि वाघ्या आरतीचं ताट फिरवतात, त्यात टाका. तमाशात दौलतजादा करायची तर फर्माईश सांगून, नाव न पुकारता, सभ्यपणे. कीर्तनात टाळकऱ्याला पैसे देऊ नयेत. सप्त्याच्या समितीला द्यावेत. हलगीवाल्यांचा हिशेब गावाने केलेला असतो, तरी छबिना संपल्यावर थेट त्यांच्या हातात काही ठेवा. हलगी, सनई, संबळ ही वाद्यं ज्या जातींच्या वाट्याला गावकीचं काम म्हणून आली त्यांना पिढ्यान्‌पिढ्या देवळाबाहेर उभं राहून वाजवावं लागलं. तेव्हा त्यांना ‘अरे-तुरे’ न करता नाव विचारा, गाव विचारा, चहाला बसवा. ऐकायला गेलेल्या माणसाने एवढं तरी करावं.

शेवटची पायरी : यजमान व्हा

दोन-तीन यात्रा, एक सप्ता आणि एखादा गोंधळ ऐकून झाला की तुमच्याकडे गावांची, वाजवणाऱ्यांची आणि फडांची नावं जमलेली असतील. इथवर येऊन बरेच जण थांबतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा ऐकायला जातात. तेही चांगलंच. पण हे संगीत श्रोत्यांवर कधीच जगलं नाही. त्याला जगवलं ते सुपारी देणाऱ्यांनी : गावाच्या यात्रा समितीने, मुलीचं लग्न झालेल्या घराने, वारीला निघालेल्या दिंडीने. समोर यजमान नसेल तर गोंधळ्याला संबळ बांधायचं कारणच उरत नाही.

म्हणून घरात कार्य निघालं की डीजेच्या आधी गोंधळ्यांना फोन करा. सुपारी बोलताना किती माणसं येणार, किती वेळ, येण्याजाण्याचा खर्च कुणाचा हे स्पष्ट करा आणि विसार आगाऊ द्या. लग्नसराईत चांगली मंडळी आधीच बांधलेली असतात, तेव्हा महिना-दोन महिने हाताशी ठेवा. सोसायटीचं सभागृह असेल तर वेळ दहाच्या आत बसवा आणि कर्णे लावू नका. बंद जागेत संबळाला माइक लागत नाही. कलाकारांना आधी जेवायला वाढा. पाहुण्यांना आमंत्रणातच सांगा की गोंधळ वेळेवर सुरू होईल आणि आख्यान संपेपर्यंत बसायचं आहे. आणि तुमच्या कुलदैवताचं नाव, गाव नायकाच्या कानावर घालून ठेवा, म्हणजे आवाहनात ते बरोबर येईल.